ओल्यात पसंत केलेला रंग

आमच्या ह्यांनी आयुष्यात दोन गोष्टी पाऊस पडत असताना पसंत केल्या. एक मी आणि दुसरे मागच्या अंगणात बसवलेले पेव्हर ब्लॉक. माझ्याबद्दल ते म्हणायचे, "वाळल्यावर खरा रंग कळला." पेव्हरच्या बाबतीत हेच वाक्य मी त्यांना ऐकवायचे.

दुकानाच्या आवारात पेव्हरच्या चळती उघड्यावर रचलेल्या होत्या. नुकतीच सर येऊन गेलेली, वर लख्ख ऊन, आणि ओल्या पेव्हरला खजुरासारखा गर्द रंग चढलेला. ह्यांनी विचारपूस न करता टेम्पो भरला. घरी येऊन वाळले, तर नुसती राख! पण चूक कबूल करतील तर ते हे कसले. पाहुणे येणार म्हटलं की बादली घेऊन अंगणात हजर. पाहुण्यांच्या हातात चहा येईपर्यंत निम्मं अंगण पुन्हा राखाडी झालेलं असायचं. "एकदा वरून सीलरचा हात मारू दे, मग बघ," म्हणायचे. पण सीलरला हवेत लागोपाठ कोरडे दिवस. आमच्याकडच्या हवेत कोरडे दिवस आणि ह्यांची सुट्टी एकत्र येणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. तो काही आला नाही.

ते गेले त्याला वर्ष होऊन गेलं. सांध्यांतली वाळू पावसाने वाहून नेली, पेव्हर पायाखाली डुलायला लागले. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, या वर्षी सील करून घे, नाहीतर मी येऊन सगळं उखडून काँक्रीट घालते." बापावर गेलीय. बोलली की करते.

म्हणून सीलवाल्यांना बोलावलं. माझ्याच वयाचे, शांत गृहस्थ. "ताई, दोन प्रकार आहेत. मॅट मारला तर आहे तसंच दिसेल. दुसरा मारला तर कायम ओल्यासारखं–"

"दुसरा," मी म्हटलं. वाक्य पुरं करू दिलं नाही.

मुलगी फोनवर कडाडली, "चकचकीत नको, घसरशील!" सीलवाले म्हणाले, "त्यात खरखरीत पूड मिसळतो."

घोडं अडलं ओलीपाशी. "आतून ओला असताना सीलर मारला की ओल कोंडते," सीलवाले म्हणाले, "वर पांढरं धुकट येतं. मग ते काढता काढता नाकी नऊ येतात." त्यांनी अंगण धुतलं, सुकू दिलं, सांध्यांत नवी वाळू भरली आणि एका पेव्हरवर प्लॅस्टिकचा तुकडा चिकटपट्टीने चिकटवून गेले. सकाळी प्लॅस्टिकच्या आतून थेंब. दुसऱ्या दिवशीही थेंब. मग दुपारी पावसाची भुरभुर, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून श्रीगणेशा.

मी मागच्या पायरीवर बसून आभाळाकडे डोळे वटारायचे. खरं सांगते, त्या दिवसांत ह्यांची जेवढी आठवण आली तेवढी ते गेले तेव्हाही आली नव्हती. तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, हाताला कामं होती. आता मी होते आणि प्लॅस्टिकखालचे थेंब. मला फार काही नको होतं. त्या दिवशी दुकानात त्यांना जे दिसलं, ते मला एकदा माझ्या अंगणात, उन्हात बघायचं होतं. काँक्रीट पडलं असतं तर मीच कायमची जिंकले असते, आणि मला जिंकायचं नव्हतं.

एका सकाळी सीलवाल्यांनी प्लॅस्टिक सोलून काढलं, आतून बोट फिरवलं आणि म्हणाले, "चला, कोरडं."

भिंतीपासून सुरुवात करून ते मागे मागे सरकत रोलर फिरवत गेले. त्यांच्या पाठीमागे राख, समोर खजूर. ऊनही शहाण्यासारखं थांबून राहिलं. शेवटचा कोपरा झाला. "उद्यापर्यंत पाय ठेवायचा नाही हं," म्हणत ते घराच्या बाजूच्या नळावर हात धुवायला गेले.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. सगळं अंगण गर्द, उन्हात, आणि कुठेही वाळत नव्हतं. इतकी वर्षं मी त्यांची थट्टा केली, आणि माणूस बरोबर होता! माझा आनंद मनात मावेना. मी वळले आणि घरात हाक मारली, "अहो! बाहेर या ना, बघा तरी!"

"आलो, आलो," बाहेरून आवाज आला.

सीलवाले हात झटकत कोपऱ्यावर येऊन उभे राहिले. "कुठे राहिलं का काही?"

मला दाराकडे तोंड फिरवायला जरा वेळ लागला. "नाही. नुसतं बघा म्हटलं."

भला माणूस. खरंच बघत राहिला. "रंग काय उठलाय! निवडले कोणी?"

"आमच्या ह्यांनी."

"नजर आहे हो त्यांना. मग बोलवा की, बघू देत त्यांनाही."

"आत्ताच बोलावलं," मी म्हटलं.