चौथ्या मजल्यापर्यंतचं गाणं

"ओ डायरेक्टर बाई, साडेतीनला मेन स्विच खाली. आत कोणी अडकलं तर मला सांगायचं नाही," मुकादम म्हणाला. जुनी लिफ्ट उतरवायला आलेली त्याची दोन माणसं हत्यारांची चाकांची पेटी घेऊन पायरीवर बसली होती.

"झालंच आमचं! गाण्याचा शॉट पहिल्या फटक्यात आला," फिल्मच्या वर्गातली ती मुलगी म्हणाली. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. मुलं वायरी गुंडाळायला लागली.

लिफ्टमनकाका पितळी हँडलवर हात ठेवून उभे होते. शॉट आलेला नाही, हे त्यांना कळलं होतं.

काल तालमीत गाणं भलत्याच घाईत वाजत होतं. काकांना हसू आलं, तेव्हा त्या मुलीनेच समजावलं होतं, "काका, कॅमेरा दुप्पट चित्रं घेतो, म्हणून गाणंही दुप्पट वेगात लावायचं. नंतर सगळं सावकाश केलं की ओठ बरोबर जुळतात." गाणारीची पार दमछाक झाली होती, पण चौथा मजला यायला आणि कडवं संपायला एकच गाठ पडली होती. चाळीस सेकंद. एकतीस वर्षांत या लिफ्टचे सेकंद काकांच्या मनगटात उतरले होते.

आज मात्र चौथा मजला आला तेव्हा कडवं अर्धंच झालं होतं. गाणारी निवांत गात बाहेर पडली, चाकांवरचा कॅमेरा तिच्यामागे गेला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गाणं किती छान बसलं! तिथंच तर घोळ होता. काल गाणं लावणारा मुलगा आज तापाने घरी होता.

सांगावं का? नोकरीच्या पहिल्या वर्षी दोन साहेब लिफ्टमध्ये बैठकीची तारीख चुकीची बोलत होते, ती काकांनी दुरुस्त केली होती. "लिफ्टमनने कान घरी ठेवून यावं," असं तेव्हा ऐकावं लागलं. त्यानंतर काका मजला विचारण्यापलीकडे बोलले नव्हते. बायको म्हणायची, "भिंतीशी संसार केला असता, तर निदान तिने माझाच आवाज परत दिला असता."

कॅमेरावाला स्टँडचे स्क्रू सोडायला वाकला.

"ताई," काकांचा आवाज घोगरा आला. "आज गाणं उरलं."

"म्हणजे?"

"काल चौथ्यावर संपलं. आज अर्धं उरलं. लिफ्ट तर तेवढीच चालली."

मुलगी आज गाणं लावायला बसलेल्या मुलाकडे वळली. "साध्या वेगाचं लावलंस?"

"मला कोणी सांगितलंच नाही गं!"

"तरीच म्हटलं, आज मला श्वास कसा पुरतोय!" गाणारीने कपाळावर हात मारला.

मुकादमाने घड्याळ पाहिलं. तीन वीस. "एकच फेरी. नंतर रडलात तरी नाही."

"काका, वर लिफ्ट मजल्याशी सपाट थांबली नाही, तर चाकांना धक्का बसून कॅमेरा हलेल," मुलगी हळूच म्हणाली. "फ्रेममध्ये तुमचा फक्त हात आहे."

"हात पुरे."

यावेळी दिवा धरणारा आणखी एक जण आत होता. चढताना भार वाढला की लिफ्ट जरा आधीच थांबायची. हँडल केसभर उशिरा सोडायला हवं. गाणं धावत सुटलं. दुसरा मजला. तिसरा. काकांनी जाळीतून दिसणारी भिंतीवरची एरवीची खूण जाऊ दिली, मग हँडल सोडलं.

शेवटचा शब्द आणि चौथा मजला एकदमच आले. कॅमेऱ्याची चाकं उंबरा ओलांडून गेली.

मुलीने छोट्या पडद्यावर शॉट सावकाश करून पाहिला. गाणारीचे ओठ आणि गाणं एकमेकांचा हात धरून चालले होते. "काका," ती म्हणाली, "चाकं वाजलीसुद्धा नाहीत."

काकांनी सगळ्यांना खाली आणून सोडलं. मुलं सामान घेऊन गेली. मुकादम आणि त्याची माणसं पेटी ढकलत आत आली. काकांनी जाळी लावली आणि सवयीने विचारलं,

"कितवा मजला?"

माणसांपैकी एक जण हसला. मुकादमाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"चौथा, काका. मशीन वर आहे ना."

चौथ्यावर काकांनी जाळी उघडून धरली. हत्यारांची जड पेटी त्यांच्यासमोरून बाहेर गेली. तिचीही चाकं वाजली नाहीत.