इंजिनाच्या आतलं अक्षर

जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या म्हणून सगळे त्यांना पेंटरबाबा म्हणत. त्यांचं अक्षर मोत्याच्या दाण्यांसारखं आणि एकुलत्या एका मुलाचं म्हणजे कोंबडीचे पाय! मुलगा आगगाडीचा ड्रायव्हर झाला, त्याचं लग्न झालं, तरी बाबांचं पालुपद सुरूच. "गाडी रुळावरून सरळ नेतोस, मग ओळच का वाकडी जाते रे?" मुलगा नुसता हसायचा.

दोन महिन्यांपूर्वी त्याने नेहमीसारखी गाडी फलाटाला लावली, ब्रेक ओढला आणि छाती धरून तिथेच कोसळला. प्रवाशांना पत्ताही नव्हता. ते उतरून आपापल्या वाटेने गेले.

घरात कपाटावर त्याने दिलेलं एक वीतभर लांबीचं इंजिन होतं, हुबेहूब तो चालवायचा तसं. बाबांच्या वाढदिवसाला आणलं होतं. "म्हातारपणी खेळणं देतोस होय?" असं म्हणून त्यांनी ते वर ठेवून दिलं होतं. आता त्यांनी ते खाली काढलं. कंपनीने त्यावर भलताच नंबर छापला होता. तो पुसून मुलाच्या इंजिनाचा नंबर घालायचा, असं त्यांच्या मनाने घेतलं. दुसरं काही करण्यासारखं उरलंच कुठे होतं?

खेळण्यांच्या दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे त्यांनी स्पिरिटमध्ये कापूस भिजवला आणि एकेक आकडा हलक्या हाताने चोळून काढला. नंबर गेला, पण खालचा रंग डागाळला. डागावर रंग चढवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. मग सगळाच रंग काढायचा! त्यांनी इंजिनाचं प्लॅस्टिकचं वरचं कवच चाकांपासून सोडवलं, बरणीत स्पिरिट ओतून त्यात बुडवलं आणि दुपारभराने जुन्या टूथब्रशने आतबाहेर घासलं. जवळचं त्यांना धूसर दिसे, पण बोटांना कळत होतं. काम चोख झालं होतं.

संध्याकाळी सून कामावरून आली. वर्तमानपत्रावर वाळत ठेवलेलं करडं कवच तिने उचललं, उलटं केलं आणि आत पाहतच राहिली.

"बाबा, आतूनही घासलंत?"

"अर्धवट काम मी कधी केलंय?"

तिने कवचाच्या आत बोट ठेवलं. "आत छताला त्यांनी लिहिलं होतं. तुमच्यासाठी. माझ्यासमोर."

बाबा टूथब्रश धुऊन ठेवत होते, तो हातातच राहिला. "आत कशाला?"

"म्हणाले, बाहेर लिहिलं तर बाबा अक्षराला नावं ठेवतील."

बाबांनी कवच तिच्याकडून घेतलं आणि उजेडात धरलं. मग बाबांनी विचारलं, "काय लिहिलं होतं?"

"'बाबा, एकदा माझ्या गाडीत बसा.' एवढंच."

बाबांनी चष्मा चढवून सगळ्यात बारीक ब्रश घेतला. जगातल्या कुठल्याही अक्षराची नक्कल करणारा तो हात. त्यांनी कवचाच्या आत 'बाबा' लिहिलं. सुबक आलं. पुसून पुन्हा लिहिलं, मुद्दाम वाकडं. तेही सुबकच आलं. तिसऱ्यांदा त्यांनी ब्रश उचलला आणि न लिहिताच खाली ठेवला.

"पोरी, त्याच्या अक्षराला मी कधी तरी चांगलं म्हटलं होतं का गं?"

एक शब्द खोटं बोलून तिला म्हाताऱ्याचं मन राखता आलं असतं. ती नुसती त्यांच्याजवळ सरकली आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

रविवारी दोघं स्टेशनवर गेली. मुलगा चालवायचा तीच गाडी आली. इंजिनाच्या खिडकीतून नव्या ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. डब्याचं दार समोर उघडं होतं, पण बाबांचा पाय उचलेना. गाडी गेली.

"पुढची घेऊ," सून म्हणाली.

पुढचीही गेली. हातातली दोन तिकिटं घट्ट धरून ती बाकावर त्यांच्याशेजारी बसून राहिली.