चौथा रेचा

मोमिनाबाद तालुक्यात तेव्हा रेडिओ असलेलं घर शोधावं लागे, आणि वीज असलेलं त्याहून शोधावं लागे. सुंदररावांकडे दोन्ही होतं. घरामागच्या माळावर त्यांची कापसाची जिनिंग होती. सरकी वेगळी करणारे चार रेचे एका तेलाच्या इंजिनावर फिरत, त्याच इंजिनाला पट्ट्यानं एक डायनामो जोडलेला, आणि तिथून घरापर्यंत तार. निजामाच्या राज्यात आपल्या दारी वीज आली, हे सुंदरराव पाहुण्याला चहाच्या आधी सांगत.

वीज मात्र मोठी लहरी. रेचे कापूस खात असले की इंजिनावर ओझं असे आणि दिवा शहाण्यासारखा पिवळा जळे. रेचे थांबले की इंजिन उधळे, डायनामो गरगरे आणि दिवा पांढराफटक होई. आणल्यानंतर पहिल्याच आठवड्यात रेडिओ असाच जळाला होता. आतले काचेचे व्हॉल्व्ह हैदराबादहून यायला अख्खा पावसाळा गेला. तेव्हापासून घरात कायदा झाला. रेडिओच्या डोक्यावर दिवा टांगला, आणि तो पांढरा पडायला लागला की सुंदररावांनी झडप घालून बटण बंद करायचं. बाकी कुणी हात लावायचा नाही, केसरबाईंनी तर मुळीच नाही. हा माणूस बायकोपेक्षा डबडं जास्त जपतो, असं केसरबाई मनात म्हणत, आणि कधीकधी मोठ्यानंही.

यंदा त्यांनाच त्या डबड्याची गरज पडली. त्यांचा धाकटा भाऊ गहिनीनाथ गाण्याच्या नादानं घर सोडून गेला होता. सोडून कसला, बापानं हाकललाच होता. उंबऱ्यावरून तो म्हणाला होता, "आई, तू तरी बोल." भिवराबाई बोलल्या नाहीत. नवऱ्यापुढे त्या कधीच बोलल्या नव्हत्या. पुढे बाप वारला, तरी पोरगा आला नाही. आणि आता अचानक त्याचा सांगावा आला, की वेळअमावस्येला दिवेलागणीनंतर हैदराबादच्या रेडिओवर मी गाणार हाय. आईला ऐकवा, असं त्यानं म्हटलं नव्हतं. केसरबाईंनी ते आपलं आपण ओळखलं आणि आईला गाडी धाडून बोलावून घेतलं.

वेळअमावस्येला आमच्याकडे गावात चिटपाखरू राहत नाही. सगळे शेतात. कडब्याची कोप करायची, पांडव पुजायचे आणि भज्जी, उंडे, आंबील खाऊन सुस्त व्हायचं. सुंदररावांच्या कोपीतही जिनिंगची माणसं जेवायला बसली होती. आंबील वाढता वाढता केसरबाई इंजिनवाल्या आसारामला म्हणाल्या, "संध्याकाळी इंजिन येळेवर चालू कर बरं."

आसारामचा घास हातातच राहिला. "मालकीणबाई, आज रेचे बंद हायत की. रेच्याबिगर इंजिन चालू केलं तर रेडिओ जळून जाईल."

महिनाभर घरात या गाण्याशिवाय दुसरी गोष्ट नव्हती, आणि सणाला रेचे बंद असतात हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. सुंदरराव आसारामवरच डाफरले. "मंग हातानं दाबून धर की बे इंजिन!"

"ते काय बैल हाय का मालक? येग आवरणारा गव्हर्नर खिळखिळा झालाय. रिकामं फिरलं की उधळणारच."

कोपीच्या तोंडाशी भिवराबाई नवं लुगडं नेसून बसल्या होत्या. त्यांना कमी ऐकू येई, तरी काहीतरी बिनसलंय हे कळलं. "न्हाई जमत तर ऱ्हाऊ दे गं," त्या म्हणाल्या. ही बाई जन्मभर असंच म्हणत आली होती.

केसरबाई उठल्या आणि रेच्यावर काम करणाऱ्या बायकांच्या पंगतीत गेल्या. चंद्रभागाबाई त्यांच्यातली म्होरकी. तिला सगळं सांगितलं.

"सणाच्या दिशी कामाला हात कावून लावायचा?" चंद्रभागाबाई म्हणाली. मग तिनं भिवराबाईंकडं पाहिलं आणि म्हणाली, "गाणं होईस्तोवर येतो आमी. पर तिघीच. बाकीच्या आत्ताच माहेराला निघाल्यात."

दिवेलागणीला इंजिन धडधडलं. तीन रेचे कापूस ओढू लागले. घरात भिवराबाईंना रेडिओला अगदी खेटून बसवलं होतं. सुंदररावांनी दिवा लावला आणि मान वर करून पाहत राहिले. दिवा पिवळा झाला, भगभगला, पांढऱ्याकडं झुकला, पुन्हा पिवळा झाला.

"न्हाई जमत," ते म्हणाले. "तीन रेच्यांचं ओझं कमी पडतंय. ह्याच्यावर रेडिओ लावला तर गाण्याआधीच जळंल."

"चौथा चालू करा मंग."

"त्याच्यावर बसणार कोण?"

केसरबाईंनी पदर खोचला.

"अगं, घरची बाई रेच्यावर बसली तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील!"

"घालू द्या. तुमी दिव्याकडं बघा."

सुंदररावांना दिव्यावरचा डोळा काढायची सोय नव्हती.

रेच्यावर मूठमूठ कापूस सारखा पसरत राहावा लागतो. हात थांबला की रेचा रिकामा फिरतो. केसरबाईंना आधी जमेना. चंद्रभागाबाई शेजारून ओरडली, "पातळ टाका, पातळ! बोटं जपा!" हळूहळू हात बसला. इंजिनाचा सूर जड झाला. माळापलीकडं घराच्या खिडकीत दिवा पिवळा आणि निवांत दिसत होता. म्हणजे रेडिओ लागला होता. म्हणजे गहिनीनाथ गात होता. चार रेच्यांच्या खडखडाटात केसरबाईंना आपला श्वासही ऐकू येत नव्हता. त्यांना रडू आलं, पण हात थांबवता येत नव्हता, म्हणून डोळे पुसायचे राहिले.

आसारामनं घराकडून खूण आल्यावर इंजिन बंद केलं. कापसाच्या पिंजीनं पांढऱ्या झालेल्या केसरबाई घरी आल्या तेव्हा सुंदरराव मान चोळत बसले होते. "एकदा बी न्हाई चढला दिवा," ते म्हणाले, आणि उठून बायकोला पाण्याचा तांब्या त्यांनी स्वतः आणून दिला.

भिवराबाई रेडिओवर हात ठेवून होत्या. डबडं अजून ऊन होतं.

"काय गायला गं आई?"

"आवाज बसलाय त्याचा. खात न्हाई वाटतं येळेवर." मग त्यांनी लेकीकडं नीट पाहिलं, तिच्या केसांतली, भुवयांवरची पिंजी पाहिली. "तुला न्हाई ऐकू आलं व्हय?"

केसरबाईंनी मान हलवली.

"बस अशी."

आणि नवऱ्याच्या राज्यात जिनं कधी ब्र काढला नव्हता, ती म्हातारी जावयाच्या देखत, माजघरात बसून मोठ्यानं गायला लागली. सूर कुठल्या कुठं जात होता, निम्मे शब्द गळाले होते. पण गहिनीनाथ लहानपणापासून कडव्याच्या मधेच श्वास घ्यायचा, तिथं तिथं ती बरोबर थांबत होती.