दाभणाला चिकटलेल्या टाचण्या

आमच्या सूनबाईला न विचारता दुसऱ्याच्या डब्यात हात घालायची खोड आहे. गाद्या शिवण्यात माझा जन्म गेला. माझा दाभण माझ्याशिवाय कुणी उचलायचा नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक. तरी परवा दुपारी बघते तर दाभणावर तांब्याची तार गुंडाळलेली, तारेची टोकं सेलला लावलेली, आणि बाईसाहेब टाचण्या उचलतायत.

मी तोंड उघडायच्या आत तिनं मलाच समोर बसवलं. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका तिच्या वर्गात मागे बसणार होत्या. धडा जमला तर नोकरी कायम, नाही तर सुट्टीनंतर येऊ नका. म्हणे, आई, तुम्हाला समजलं की वर्गात कुणालाही समजेल. हे कौतुक की टोमणा, ते मी अजून ठरवतेय.

तिनं सांगितलं, तारेतून वीज गेली की आतल्या लोखंडाचं चुंबक होतं, वीज तोडली की चुंबकपण जातं. भंगाराच्या आवारातली क्रेन अशीच अख्खी मोटार उचलते आणि बटण बंद केलं की सोडते. मी विचारलं, जातं म्हणजे कुठे जातं? म्हणाली, कुठे जात नाही, नाहीसं होतं. डोक्यात काही शिरलं नाही, पण मान हलवली.

मग तिनं तार सेलवरून काढली. टाचण्या ढिम्म. दाभणाला तशाच लोंबत राहिल्या. तिनं सेल बदलला, तार सोडून परत गुंडाळली. तेच. तिचा चेहरा उतरला. मी म्हटलं, मग क्रेनवाल्याची मोटार वरच लटकायची का गं? त्यावर तिनं तार काढता काढता करंगळीनं दाभणाला हळूच टिचकी मारली. दोन टाचण्या पडल्या.

"बघा, सुटल्या," म्हणाली.

माझे डोळे अधू झालेत, गेलेले नाहीत. दाभण ओढून घेतला आणि दाराच्या मागचा जुना खिळा तिच्यापुढे टाकला. म्हटलं, गुंडाळायचंय तर ह्याच्यावर गुंडाळ, माझं हत्यार सोड.

तिनं खिळ्यावर तार चढवली. लावली, टाचण्या चिकटल्या. काढली, टपाटप खाली. तार तीच, सेल तोच. मग तिनं पुस्तक उघडलं. पोलाद चुंबकपण धरून ठेवतं, मऊ लोखंड सोडून देतं. दाभण पोलादाचा. हे मी दरवर्षी शिकवते, असं स्वतःशीच पुटपुटली.

मला अजूनही कळलेलं नाही. दोन्ही लोखंडाचीच जात, मग एकाला सोडता येतं नि दुसऱ्याला का नाही? आणि आता माझा दाभण डब्यातल्या सगळ्या सुया अंगावर घेऊन बाहेर येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खिळा पिशवीत टाकून निघाली, तेव्हा मी दाभण पुढे केला.

"दोन्ही ने. आधी माझा दाखव. पोरांचाही माझ्यासारखा गोंधळ होऊ दे, मग खिळा काढ. आणि मागे कुणीही बसलेलं असू दे, टिचकी मारायची नाही. तू शिकवतेस बरं, पण लबाडी तुला जमत नाही. संध्याकाळी दाभण डब्यात हवा."