पांढरीपांड्यांचा स्प्लिटर

जुलैच्या वादळात पांढरीपांड्यांच्या मागच्या आवारातला ओक आडवा झाला. पडला तोही शहाण्यासारखा, घराला ओरखडा न काढता, उताराच्या बाजूला. झाड कापणारी माणसं आली, दीड-दीड फुटाचे ओंडके पाडून गेली. राहता राहिलं ते ओंडके फोडायचं काम. त्यासाठी लाकूड फोडायचं यंत्र, म्हणजे स्प्लिटर, घ्यायचा हे ठरलं. नवा घ्यायचा की वापरलेला, एवढंच ठरायचं होतं. तिथे जे घोडं अडलं ते ऑक्टोबर उजाडला तरी पुढे सरकेना.

श्रीरंगराव पांढरीपांडे म्हणजे काय साधी असामी? अमेरिकेत, हर्नडनच्या ऑफिसात बावीस वर्षं डेटाबेस सांभाळलेला माणूस. टोस्टर घ्यायचा तरी एक्सेल उघडणार. रिटायर झाल्यावर ब्लूमाँटला डोंगराच्या पायथ्याशी पाच एकर घेतली, ती केवळ त्या घरात लाकडाची शेगडी होती म्हणून. नागपूरच्या उन्हात वाढलेल्या माणसाला शेकोटीचं एवढं वेड कुठून लागलं, देव जाणे! सात हिवाळे त्यांनी कुऱ्हाडीने जळण फोडलं. आठव्या वर्षी, मार्चमध्ये, फोडता फोडताच छातीत कळ आली. दोन स्टेंट पडले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "कुऱ्हाड बंद. यंत्राने फोडा, रोज चाला, आणि मजेत जगा."

पहिल्या दोन गोष्टी श्रीरंगरावांनी ऐकल्या. तिसरी काही ऐकल्यासारखी दिसेना, आणि बायकोच्या, शरयूच्या, जिवाला घोर लागला तो त्याचाच. पासपोर्ट जूनमध्ये संपला, तर म्हणाले, "बघू." नागपूरला त्यांच्या बहिणीच्या, आसावरीच्या मुलाचं फेब्रुवारीतलं लग्न, सख्ख्या भाच्याचं हो, तर म्हणाले, "फेब्रुवारी कोणी पाहिलाय?" वर्तमानपत्राची वर्षाची वर्गणी महिन्यावर आणली. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलहून मुलगी, आश्लेषा, दर रविवारी फोनवर म्हणायची, "बाबा, घर विका आणि इकडे या ना यार, सिरियसली." पूर्वी ह्यावर तासभर भांडण व्हायचं. आता तिलाही "बघू". भांडले असते तर शरयूने देवापुढे साखर ठेवली असती.

त्या बुधवारी मात्र तिने स्वतःच लॅपटॉप उघडला. म्हटलं, बघू तरी तीन महिने काय गुऱ्हाळ चाललंय. एकतीस यंत्रं होती. कोणतं किती टनांचा दाब देतं, इंजिन केवढं, नव्याची वॉरंटी किती, जुन्याचं वय किती, सगळं रकान्यांत मांडलेलं. पुढे एक रकाना होता, 'किती हिवाळे वापरणार'. तिथे एकतीसच्या एकतीस ओळींत एक. आणि सगळ्यात शेवटी, 'नंतर शरयूला विकायला सोपं?' त्याखाली कुठे हो, कुठे नाही.

शरयू खुर्चीत बसून राहिली. आधी रडू आलं, मग असा संताप आला की सांगता सोय नाही. हा माणूस इंजिन तपासत नव्हता, स्वतःचे दिवस मोजत होता! वॉरंटी तीन वर्षांची, मी एकाच वर्षाचा, मग नवं कशाला, असा हिशेब. आणि आपल्यामागे बायको यंत्र चालवणार नाही, विकून टाकेल, हेही स्वतःच ठरवून मोकळा! तिने लॅपटॉप मिटला आणि चार दिवस तोंडातून अवाक्षर काढलं नाही. शरयूला ओळखणाऱ्यांनी ह्याची नोंद घ्यावी, कारण तिला चार मिनिटंसुद्धा गप्प बसवत नाही.

रविवारी मात्र ती म्हणाली, "अहो, उठा. डोंगरापलीकडे बेरीव्हिलला एका बाईंचा जुना स्प्लिटर विकायचाय. बघून येऊ."

"यादी घेतो," श्रीरंगराव म्हणाले. यादीत एक्केचाळीस प्रश्न होते. शरयूने पोह्यांचा चिवडा डब्यात भरला. कुणाच्या घरी पहिल्यांदा जायचं तर रिकाम्या हाताने कसं जायचं, वस्तू विकत घ्यायला का असेना!

त्या बाईंचं नाव वांडा. काडीसारखी बारीक, पुरुषी पँट, पांढऱ्या केसांवर लोकरीची टोपी. डबा हातात घेतला, झाकण उघडून वास घेतला, एक बकाणा तिथेच तोंडात टाकला आणि म्हणाली, "हं, आता विचारा." श्रीरंगरावांनी विचारलं. तेल कधी बदललं, गळती कुठे, इंजिन किती तास चाललं. वांडाबाईंना सगळं तोंडपाठ. कोठाराच्या दाराशी ते यंत्र उभं होतं, लाल रंग उडालेलं, दोन चाकांवरचं. एक जाड पोलादी तुळई, तिच्यावर मागेपुढे सरकणारा दट्ट्या, आणि दट्ट्याच्या टोकाला पाचर. बस्स.

एक्केचाळीस प्रश्न संपले. श्रीरंगराव मग हळू आवाजात, कुणाच्या घरी सांत्वनाला गेल्यासारखे म्हणाले, "म्हणजे आता तुम्ही हे काम सोडलंत."

"सोडलं?" वांडाबाई खो खो हसली. "नवा घेतलाय! मंगळवारी येतोय. त्याला ओंडका उचलून द्यायची सोय आहे. मी काय आता सत्तरीची पोर राहिलेय? त्र्याऐंशी पुरी झाली."

श्रीरंगरावांनी आ वासला तो मिटायचंच विसरले. त्र्याऐंशी! आणि घेतलाय कोरा, नवा, वॉरंटीवाला! शरयूला इतकं बरं वाटलं की त्या बाईचा गालगुच्चा घ्यावा असं वाटलं.

"या, माल दाखवते," म्हणत वांडाबाईने कोठाराचं मोठं दार ढकललं.

आणि आत बघतात तो काय! जमिनीपासून पार आढ्यापर्यंत लाकूड. फोडलेलं, एका मापाचं, एकावर एक असं रचलेलं की मध्ये बोट शिरू नये. एक भिंत, तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे तिसरी. वरच्या फटींतून ऊन आत येत होतं आणि लाकडांच्या कापलेल्या तोंडांवर पडत होतं, काही मधासारखी पिवळी, काही राखाडी पडलेली. आत पाय टाकल्याबरोबर बाहेरचा वाऱ्याचा आवाज बंद झाला. शरयूचा हात नकळत बुटाच्या नाडीकडे गेला, देवळात शिरताना जावा तसा. मग तिला भान आलं आणि ती तशीच वाकलेली उभी राहिली. एका बाईने, एकटीने, हे सगळं हाताने उचलून इथे ठेवलंय, ह्याचा तिला नीट अंदाजच बांधता येईना.

प्रत्येक भिंतीला एक फळी ठोकलेली होती आणि फळीवर खडूने आकडा. २०२५. २०२६. २०२७. आणि अगदी मागे, अंधारात, जेमतेम गुडघाभर रचलेली चौथी भिंत. २०२८.

"ओक हट्टी असतो," वांडाबाई म्हणाली. "फोडल्यावर सुकायला त्याला दोन वर्षं द्यावी लागतात. ओला जाळलात तर धूर खा. म्हणून मी पुढे पुढे फोडत जाते. आज फोडाल ते सत्तावीसच्या हिवाळ्यात पेटेल."

श्रीरंगराव त्या मागच्या भिंतीपाशी गेले. इंजिनियर माणूस, डोक्यात बेरीज झालीच असणार. आणि झाली ती झाली, तोंडातूनही बाहेर पडली. "पण हे अठ्ठावीसचं कोण जाळणार?"

शरयूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्र्याऐंशी वर्षांच्या बाईला असं विचारतात?

वांडाबाईला काहीच वाटलं नाही. तिने वरचं एक घसरलेलं लाकूड नीट बसवलं. "ज्याला थंडी वाजेल तो," ती म्हणाली.

श्रीरंगरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा काढला. हातातली यादी त्यांनी घडी करून खिशात घातली.

"चालतं कसं, ते बघायचं ना?" वांडाबाई बाहेर आली. तिने यंत्राची तुळई उभी केली, म्हणजे ओंडका उचलावा लागत नाही, नुसता लोटत खाली आणायचा. आणि मग ती ओंडका लोटायला लागली. तो तिच्या कमरेएवढा, तीन माणसांना न हलणारा! ती त्याला जोर लावतच नव्हती. ह्या कडेवर झुकवायची, त्या कडेवर झुकवायची, आणि तो आपला डुलत डुलत, गरीब म्हशीसारखा, बरोबर पाचरीखाली येऊन बसला. दोरी एकदाच ओढली, इंजिन लागलं. श्रीरंगराव पुढे सरसावले. वांडाबाईने त्यांना हाताने बाजूला केलं आणि दांडा शरयूच्या हातात दिला.

"मी?" शरयू म्हणाली.

"हात इथे ठेव, पाय तिकडे. घाई करू नकोस. त्याला त्याचं काम करू दे."

शरयूने दांडा दाबला. पाचर खाली आली, अगदी सावकाश. लाकडाला टेकली. क्षणभर काहीच झालं नाही, नुसती इंजिनाची घरघर जड झाली. मग ओंडक्याच्या आत कुठेतरी खोल 'कर्रर्र' झालं, ते तिला तळव्यांतून जाणवलं. एक बारीक रेघ उमटली, ती वाढत वाढत कडेपर्यंत गेली, आणि एवढा थोरला ओक कुठलीही आदळआपट न करता दोन्हीकडे उघडला. आतलं लाकूड गुलाबीसर, ओलं, चकाकणारं. आंबूस वास आला. दीडशे-दोनशे वर्षं हे आत होतं, आणि आजवर कुणाच्याही नजरेला पडलं नव्हतं, ना माणसाच्या, ना पाखराच्या. पहिल्यांदा बघतोय ते आपण. शरयूने दांडा सोडला आणि नुसती बघत राहिली. तिला एकदम हात जोडावेसे वाटले, कुणाला ते कळेना.

"तुला जमलं की गं," श्रीरंगराव म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"जमलं." शरयू वळली. "आता तुमच्या त्या शेवटच्या रकान्यात नाही लिहा. एकतीसच्या एकतीस ओळींत. मी विकणार नाही."

श्रीरंगरावांचा चेहरा उतरला. "तू वाचलंस?"

"वाचलं! मला न विचारता विधवा करून टाकलीत, आणि वर यंत्राचं गिऱ्हाईकही शोधताय! मला काय करायचीय ती किंमत? मला तुम्ही हवे आहात. इथे, घरात, कटकट करत." "लग्नाला जायचं नाही, पासपोर्ट काढायचा नाही. अहो, स्टेंट घातलेत की मौन धरलंय?"

वांडाबाईला मराठीतलं ओ की ठो कळलं नसेल, पण नवरा-बायकोचं भांडण कळायला भाषा लागते थोडीच! तिने इंजिन बंद केलं, चिवड्याचा डबा काखेत मारला आणि घरात निघून गेली.

श्रीरंगराव फोडलेल्या ओंडक्याच्या अर्ध्या भागावर बसले. "भीती वाटते गं," ते म्हणाले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा म्हणाले. "रात्री कूस बदलली तरी वाटतं, हीच ती. पुढचं काही ठरवलं की वाटतं आपण खोटं बोलतोय."

"मलाही वाटते," शरयू त्यांच्या शेजारी टेकली. "तुमचा श्वास ऐकत पडते मी. पण म्हणून सकाळी चहा टाकायचा राहतो का?"

श्रीरंगरावांनी लाकडाच्या ओल्या अंगावर हात ठेवला. वर्षांची वर्तुळं फाटून तिथे रेघा झाल्या होत्या, एकीला लागून एक, काही जाड, काही केसासारख्या. ते बोटाने मोजत गेले. साठाच्या पुढे गेले आणि मोजायचं सोडून नुसते बघत बसले. बऱ्याच वेळाने ते उठले.

वांडाबाई बाहेर आली तसं त्यांनी विचारलं, "तुमचा नवा यायला किती दिवस लागले?"

"तीन आठवडे."

"छे! तीन आठवडे कोण थांबतंय!" श्रीरंगराव म्हणाले. "हाच द्या. आजच नेतो. आमचा ओक नुसता पडून आहे, त्याची दोन वर्षं अजून सुरूसुद्धा झालेली नाहीत."

त्यांनी घासाघीस केली नाही. पांढरीपांड्यांच्या घराण्यात हे पहिल्यांदाच घडलं असावं. गाडीला मागे सायकली न्यायचा हुक होता, त्यात वांडाबाईने जोडणी बसवून दिली आणि बजावलं, ताशी पंचेचाळीस मैलांच्या वर जायचं नाही. चिवड्याचा डबा काही तिने परत दिला नाही.

डोंगर चढताना श्रीरंगरावांनी स्वतःहून आश्लेषाला फोन लावला. गाडीभर तिचा आवाज आला, "बाबा? व्हॉट हॅपन्ड? ऑल ओके?"

"सगळं ठीक आहे. ऐक, सत्तावीसच्या ख्रिसमसला इकडे यायचं. सुट्टी टाकून ठेव."

"ट्वेंटी-सेव्हन? बाबा, दॅट्स टू इयर्स अवे! आजकाल तुम्ही नेक्स्ट वीकचं पण सांगत नाही."

"आपला ओक तेव्हा तयार होतो," श्रीरंगराव म्हणाले. "त्याला घाई करून चालत नाही. तू ये. मी थांबतो तोवर."

मग एरवी दहा वाक्यांतली नऊ इंग्रजीत बोलणारी ती पोरगी बारीक आवाजात म्हणाली, "येते, बाबा. नक्की येते."

शरयूला रडू आवरेना आणि तिने ते आवरायचा प्रयत्नही केला नाही. मागचा गाडीवाला केव्हाचा हॉर्न वाजवत होता, पण श्रीरंगराव काही पंचेचाळीसच्या वर जायला तयार नव्हते.