पाच दहाच्या बसचे एक्केचाळीस चेहरे

लतिकाला पेपर लावता यायचा, वाचता यायचा नाही. म्हणजे अगदी बी.कॉम. झालेली बाई हो, अडाणी नव्हे! पण बारा वर्षं कॉम्प्युटरवर पानं लावली की माणसाचं असंच होतं. बातमी समोर आली की त्यातलं सुखदुःख दिसत नाही, लांबी दिसते. मंत्री येवो नाहीतर मयत होवो, आठ ओळी जास्त झाल्यात, एवढंच.

तिचा पेपर म्हणजे विरारचं साप्ताहिक 'बावखल'. आमच्या वसईकडे वाडीतल्या गोड्या पाण्याच्या तळ्याला बावखल म्हणतात, त्यावरून ते नाव. संपादक, मालक आणि वार्ताहर तिन्ही एकच, हरिश्चंद्रकाका. अंक दर शनिवारी निघायचा आणि पहिल्या पानाचं काकांचं शास्त्र ठरलेलं होतं. वर लाल मथळा, मथळ्यात 'थरार' नाहीतर 'खळबळ', शेवटी उद्गारचिन्ह. "माणूस स्कूटरवरून नाक्यावरनं जात असतो. त्याला ब्रेक दाबायला लावायचा, एवढंच पहिल्या पानाचं काम," असं ते सांगायचे. तुळिंजला कुणाच्या गॅलरीतून कुंडी पडली तरी 'तुळिंज हादरलं!' तुळिंज मात्र दरवेळी हादरायचं विसरायचं. लतिका स्वतः तिथेच राहायची, तिला ठाऊक होतं.

बुधवारी सकाळी तिच्या आईचा, मालनबाईंचा, नंदाखालहून फोन आला.

"लतू, आपली पाच दहाची बंद होतेय गो. एक तारखेपासून."

"कोण म्हणालं?"

"ड्रायव्हर. पेपरात नोटीस आलेली म्हणतो. तुझ्याच पेपरात. तू नाय बघितलीस?"

ही पाच दहाची म्हणजे नंदाखालहून आगाशीमार्गे विरारला जाणारी पहाटेची पहिली बस. वाडीतल्या बायका तगर, जास्वंद, अळू, केळीची पानं पाट्यांत भरून तिनेच बाजार गाठतात. त्यानंतरची बस सव्वासातची, आणि सव्वासातला निघून बाजारात पोचलं की फुलं घेणारे कधीच घरी गेलेले असतात. रिक्षावाला पाटी बघून लांबूनच मान हलवतो. आईने याच बसच्या जिवावर वाडी टिकवली, मुलीला शिकवलं. ती बस गेली तर आईने काय करायचं? अंगणात बसून फुलं सुकताना बघायची?

तिने गेल्या शनिवारचा अंक ओढला. पान पाच, अगदी तळाला. वर 'नावात बदल', खाली 'हरवले आहे', आणि मधे अंगठ्याएवढी जाहीर नोटीस. डोळ्यांना ताण देऊन तिने ती वाचली. प्रवासी नसल्यामुळे पहाटेची फेरी बंद करण्याचा बसच्या ठेकेदाराचा प्रस्ताव. लेखी हरकती मंगळवारपर्यंत. सुनावणी पुढच्या सोमवारी अकरा वाजता, प्रभाग कचेरीत.

मंगळवार काल झाला होता.

आणि तिला आठवलं. शुक्रवारी संध्याकाळी कुणाच्या तरी बाळाच्या पहिल्या वाढदिवसाची जाहिरात आयत्या वेळी आली होती, फुगे आणि मुकुटासकट. जागा होईना. तेव्हा लतिकानेच ही नोटीस दाबली, अक्षर पाच पॉइंटवर आणलं आणि 'बसली एकदाची!' म्हणून चहा मागवला. तिने ती वाचली नव्हती, मापली होती. स्वतःच्या आईची बस तिने स्वतःच्या हाताने पान पाचवर पुरली होती. तिला स्वतःची इतकी चीड आली की खुर्चीवरून ताडकन उठलीच.

"काका, या शनिवारी मुख्य बातमी बसची."

हरिश्चंद्रकाकांनी चष्म्यावरून बघितलं. "बस? कुठे उलटली?"

"उलटली नाही. बंद होतेय."

"मग काय बातमी! फोटो कसला लावणार, बसचा? बसचा फोटो बघून ब्रेक दाबत नाही कुणी, उलट हॉर्न मारतात." त्यांच्याकडे मुख्य बातमी तयार होती. तुळिंजच्या सोसायटीतून पाण्याच्या दोन मोटारी चोरीला गेल्या होत्या. 'मोटारचोरांचा थरार!'

"ठेकेदार म्हणतो प्रवासीच नाहीत, काका. माझी आई काय भूत आहे?"

"भावना समजतात गो मला. पण पेपर खपला पाहिजे ना?"

ठीक आहे, खपवून दाखवते, असं लतिका मनाशी म्हणाली. पण कसा? बारा वर्षांत ती पेपरच्या स्टॉलवर एकदाही उभी राहिली नव्हती. उंटावरून शेळ्या हाकल्या होत्या नुसत्या! दुपारी तिने स्कूटर काढली आणि आगाशीच्या बाजारात ॲन्सेल्मचा स्टॉल गाठला.

ॲन्सेल्म पंचवीस वर्षं पेपर विकत होता आणि त्याला पेपर छापणाऱ्यांबद्दल फारसा आदर नव्हता. "तुमचा लाल मथळा ना? लोक थांबतात, उभ्याउभ्या वाचतात, 'बाप रे' म्हणतात आणि जातात. फुकटात काम होतं की त्यांचं. विकत कशाला घेतील?"

"मग घेतात कधी?"

"कुणा पुढाऱ्याचा वाढदिवस असला की. पहिलं पान भरून शुभेच्छुक, गोलगोल फोटो. त्यातला प्रत्येक जण पाचपाच अंक नेतो. मामाला, सासऱ्याला, फ्रेम करायला. माणूस जगाची बातमी उभ्याने वाचतो बाई, आपल्या घरातलं तोंड दिसलं की घरी घेऊन जातो."

लतिका स्टॉलसमोर तशीच उभी राहिली. असल्या शुभेच्छुकांची शेकडो तोंडं तिने गोलात कापली होती आणि प्रत्येक वेळी नाक मुरडलं होतं.

गुरुवारी पहाटे ती नंदाखालच्या स्टॉपवर मोबाइल घेऊन हजर. बस आली, पाट्या चढल्या, बायका चढल्या आणि लतिका दाराशी उभी राहून म्हणाली, "प्रत्येकीचा फोटो काढायचाय. पेपरात पहिल्या पानावर. गोलात."

झालं! एकच गलका उडाला.

"अगो, केस बघ माझे!"

"गोलात नको हां," सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, विकणाऱ्या रिटामावशीने बजावलं. "गोलात फोटो येतो तो वाढदिवसाला नायतर भावपूर्ण श्रद्धांजलीला. माझा वाढदिवस मे महिन्यात असतो. लोक घरी भेटायला येतील, जेजू देवा!"

बस हसली. पण लतिकाने हट्ट सोडला नाही. हलत्या बसमधे एका हाताने दांडा धरून ती एकेकीसमोर गेली. नाव काय, गाव कुठलं, पाटीत काय. कुणी डोक्यावरचा पदर सारखा केला, कुणी केसांत तिथल्या तिथे तगर खोवली. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या दोघी होत्या, इस्पितळात पहिल्या पाळीला जाणारी एक आया होती. आगाशीला आणखी अकरा जणी चढल्या. रिकाम्या म्हणवल्या गेलेल्या त्या बसमधे एक्केचाळीस माणसं निघाली, वर ड्रायव्हर-कंडक्टर.

शेवटच्या बाकावर मालनबाई होत्या. त्यांनी फोटो काढू दिला, मग हळूच विचारलं, "ती नोटीस कोणी लावली बारीक?"

लतिकाची मान खाली गेली. "मी."

मालनबाईंनी पाटीवरचं ओलं फडकं सारखं केलं. बाहेर एक केळीची बाग मागे गेली. "आपलेच दात आन् आपलेच ओठ," त्या शेवटी म्हणाल्या. "या बायांना मी काय सांगू? माझ्या पोरीच्या हातनं झालं म्हणून? ते पण छाप. फोटो छापतेस तसंच ते पण छाप."

शुक्रवारी दुपारी लतिकाने पान काकांसमोर ठेवलं. मोटारचोर गेले होते आत, पान तीनवर. पहिल्या पानावर एक्केचाळीस गोल चेहरे, वाढदिवसाच्या बॅनरसारखे ओळीने मांडलेले. प्रत्येकीखाली नाव आणि पाटीत काय ते. डोक्यावर काळ्या अक्षरांत मथळा: 'पाच दहाच्या बसला म्हणे प्रवासीच नाहीत'. खाली सोमवारच्या सुनावणीची वेळ. उद्गारचिन्ह एकही नव्हतं.

काका पानाकडे बघत राहिले. त्यांनी बोटाने चेहरे मोजले, मग प्रत्येकीच्या घरातली माणसं मनात मोजली असावीत, कारण चेहरा जरा खुलला. "हं. चालेल. चालेल काय, धावेल!" मग त्यांची नजर मथळ्याखालच्या चौकटीवर गेली आणि त्यांचा आवाज चढला. "हे काय?"

चौकटीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'ही फेरी बंद करण्याची नोटीस आम्ही गेल्या अंकात पान पाचवर, कुणाला वाचता येणार नाही इतक्या बारीक अक्षरांत छापली. चूक आमची आहे.'

"काढ ते."

"नाही काढणार."

"अगो, हात दाखवून अवलक्षण कशाला? आपल्याच पेपरच्या पहिल्या पानावर आपलीच अक्कल काढायची? उद्या नोटिसा द्यायला कोण येईल आपल्याकडे? आठव्या पानावर टाक कोपऱ्यात, दोन ओळी."

"पुन्हा कोपऱ्यातच? मग जे केलं तेच परत करायचं." लतिकाने पान स्वतःकडे ओढलं. "काका, ती नोटीस छापायच्या आधी तुम्ही वाचली होती?"

काका थबकले. "नाही."

"मीही नाही. तुमच्या टेबलावरून माझ्या टेबलावर आली. पेपर चालवणाऱ्या दोघांनी वाचली नाही, आणि नंदाखालच्या बायकांनी वाचायला हवी होती होय? चौकट राहणार नसेल तर हे पान दुसऱ्या कुणाकडून लावून घ्या. मी चालले."

ती खरंच पर्स घेऊन उठली. घरचे हप्ते डोळ्यांसमोर आलेच, नाही असं नाही. पण उठली. ती दारापर्यंत पोचली तेव्हा काका मागून ओरडले, "बस खाली! तुझं नाव कुठे टाकलंयस का त्यात?"

"टाकते. माझ्याच हातनं झालंय."

"नको. पेपर माझा आहे तर चूकही पेपरची." त्यांनी चष्मा काढून पुसला, जरा जास्तच वेळ पुसला. "आणि अक्षर आणखी वाढव. माझ्या वयाच्या माणसाला दिसायला हवं."

शनिवारी सकाळी नऊलाच ॲन्सेल्मचा फोन, अंक संपले, आणखी पाठवा. रिटामावशीच्या तीन सुनांनी तीन वेगवेगळे अंक नेले होते. अंकाचं कौतुक झालं, फार झालं. पण कौतुकावर बस चालत नाही, हे लतिकाला पक्कं ठाऊक होतं.

सोमवारी अकरा वाजता कचेरीचं सभागृह भरलं. पाट्या बाहेर व्हरांड्यात, बायका आत. टेबलामागे सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाई, विनिता मॅडम. ठेकेदाराचा माणूस, परेश, इस्त्रीच्या शर्टात फाइल घेऊन उभा. त्याचं म्हणणं सोपं होतं. "मॅडम, पेपरात नोटीस दिली. मुदतीत एकही लेखी हरकत नाही. आता गर्दी जमवून काय उपयोग? नियम म्हणजे नियम."

"आमचे फोटो आलेत की!" रिटामावशी उठल्या.

"फोटो म्हणजे हरकत नव्हे, मावशी."

आणि खरं सांगायचं तर तो चुकत नव्हता. सभागृहात कुजबुज झाली, दोघीचौघी एकमेकींकडे बघायला लागल्या. विनिता मॅडम मात्र समोरचं पहिलं पान वाचत होत्या, आणि त्यांचं बोट चेहऱ्यांवर नव्हतं, चौकटीवर होतं. त्यांनी विचारलं, "या पेपरातलं कोणी आलंय?"

लतिका उभी राहिली.

"नोटीस वाचता येण्यासारखी नव्हती, असं तुम्ही छापलंय. हे पेपर खपवायला लिहिलंत की खरं आहे?"

"खरं आहे. पान मीच लावलं. जागा नव्हती म्हणून अक्षर पाच पॉइंटवर आणलं. न वाचता."

"लेखी द्याल? सहीनिशी? उद्या कुणी जाब विचारला तर तुम्हालाच विचारेल."

"देते."

टेबलाशी उभं राहून तिने लिहून दिलं. झाली ती चूक, तारीख, पानाचा नंबर, स्वतःचं पूर्ण नाव. परेश पुढे झाला, "पण मॅडम..." मॅडमनी हात वर केला. "जी नोटीस वाचताच येत नाही ती दिली असं मी धरणार नाही. नवी काढा, दिसेल अशी. तोवर फेरी चालू राहील. आणि यांच्या हरकती आज, आत्ता घ्या."

सभागृहात जो आवाज उठला तो बाहेरच्या रिक्षावाल्यांनीही ऐकला असेल. बस वाचली असं नव्हे, मुदत मिळाली. पुढची सुनावणी व्हायचीच होती. पण यावेळी त्या कागदावर एक्केचाळीस सह्या असणार होत्या.

कारकुनाने हरकतीचा छापील अर्ज पुढे केला. बायका रांगेला लागल्या. सगळ्यात पुढे मालनबाई. कारकून म्हणाला, "इथे सही करा आजी, बस." त्यांनी पेन घेतलं, अर्जाकडे बघितलं आणि पेन टेबलावर ठेवलं. मग मागे वळून त्यांनी लेकीला हाक मारली.

"लतू, इकडे ये. हे काय लिहिलंय ते वाच आधी. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग करू सह्या."

"आजी, साधा अर्ज आहे, वेळ जातोय," कारकून कुरकुरला.

"जाऊ दे की. आमची सकाळ पाच दहाला होते."

रांग थांबली. कुणी घाई केली नाही. लतिकाने तो कागद दोन्ही हातांत धरला, डोळे पुसले आणि अगदी वरच्या ओळीपासून, एकही शब्द न गाळता, वाचायला सुरुवात केली.