फ्रेम कोणाच्या

दसऱ्याला हत्यारांची पूजा कौस्तुभने केली. घरचा कर्ता म्हणे! पाटावर रंधा होता, पटाश्या होत्या, गुण्या, क्लॅम्प, स्क्रूड्रायव्हर, बोल्ट कसायच्या एलन कींचा जुडगा आणि सगळ्यांच्या वर त्याचा लॅपटॉप. त्याने ऐटीत हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं, फोटो काढला. सुनयना कणकेच्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. लॅपटॉप सोडला तर पाटावरच्या एकाही वस्तूला त्या माणसाचा हात आजवर लागलेला नव्हता.

"आता उद्यापर्यंत कुणी उचलायची नाहीत हं," सरलाताई म्हणाल्या. सुनयनाच्या सासूबाई. "वर्षातून एक दिवस त्यांनाही विसावा."

हत्यारांना विसावा. आणि कणकेतल्या हातांना? सुनयना ओट्याकडे वळली.

हॉलमध्ये ते दोन स्पीकर उभे होते, दारासारखे उंच आणि सपाट. खोकं नाही, भोंगा नाही. दोन जाळीदार पत्रे आणि त्यांच्या मधोमध केसाहून पातळ प्लास्टिकचा ताणलेला पडदा. त्यात हजारो व्होल्ट सोडायचे, की तो पडदा हलतो आणि गातो. दिल्लीतल्या दूतावासातला कुणी गोरा मायदेशी परतताना विकून गेला. कौस्तुभने हौसेने घेतले आणि घरी आणल्यावर कळलं की फ्रेम सडलेल्या. महिनाभर ते जाळी-पडद्याचे पॅनेल पलंगाखाली पडून होते. मग सुनयनाने ते बाहेर काढले.

आर्किटेक्टच्या ऑफिसात तिने नकाशे काढलेले, त्यामुळे माप कळत होतं. लाकूड कळत नव्हतं, ते तिने वाया घालवून शिकून घेतलं. कीर्तीनगरच्या लाकूडबाजारात "मॅडम, मिस्त्री को भेज दो" हे ऐकत ऐकत सागवान निवडलं. पहिली फ्रेम दिल्लीच्या उन्हाळ्यात पिळली. कागदाच्या जाडीइतकीच, पण तेवढ्याने पडदा जाळीला टेकला आणि चरचरला. तिने ती करवतीने कापून टाकली. दुसरी पावसाळ्यात फुगली. तिसऱ्या वेळी लाकूड आधी घरात महिनोन्‌महिने मुरू दिलं, पट्ट्या उलटसुलट जोडून चिकटवल्या, खालच्या पोकळीत वाळू भरली म्हणजे थरथर राहणार नाही. बाल्कनीत, नाकाला रुमाल बांधून. कौस्तुभ तेव्हा आतून ओरडायचा, "यार, दार लाव ना, भुसा येतोय!"

आणि फ्रेम उभ्या राहिल्यावर ऑफिसच्या ग्रुपवर फोटो कोणी टाकले? त्याने. खाली लिहिलं, 'माय बिल्ड.'

संध्याकाळी गुरुग्रामहून परीक्षित सबनीस आला. कौस्तुभचा ऑफिसातला दोस्त, असल्याच पॅनेलची जोडी घरी पडून असलेला. सरलाताईंनी त्याच्या हातावर सोनं ठेवलं. आपटा मिळाला नव्हता, सोसायटीच्या बागेतल्या कांचनाची पानं होती.

"वहिनी, काय काम केलंय याने!" परीक्षित फ्रेमवरून हात फिरवत म्हणाला. "सांधा दिसतच नाही. कौस्तुभ, माझ्याही जोडीला तूच फ्रेम करायच्यास. बिल्कुल नाही म्हणायचं नाही."

"चलो, डन. दिवाळीनंतर घेतो," कौस्तुभ म्हणाला. सुनयनाकडे न बघता.

घेतो! सुनयना बासुंदीची वाटी हातात घेऊन थबकली. म्हणजे पुन्हा बाल्कनीत भुसा खायचा तिने, आणि गुरुग्रामच्या हॉलमध्ये टाळ्या घ्यायच्या याने. ती बसली. बघू या, म्हणाली मनात, कुठवर जातोय.

गाणं लागलं. आलाप सुरू झाला आणि डावीकडचा स्पीकर भुणभुणू लागला. सुनयनाला कारण ठाऊक होतं. खुर्च्यांना जागा करायला कौस्तुभने सकाळी तो एकट्याने वरच्या कडेला धरून भिंतीशी ओढला होता. ओढू नकोस, दोघं मिळून उचलू, असं ती दोनदा म्हणाली होती.

"काहीतरी सैल आहे का रे?" परीक्षितने विचारलं.

"किरकोळ आहे. आत्ता कसतो." कौस्तुभ पाटाशी गेला. सरलाताई "अरे, आज नको!" म्हणेपर्यंत त्याने एक हत्यार उचललं. स्क्रूड्रायव्हर. ज्या बोल्टला एलन की लागते त्याच्यासाठी स्क्रूड्रायव्हर! आणि गाणं चालू, वीज चालू, तो स्पीकरमागे वाकला आणि लोखंडी टोक जाळीकडे न्यायला लागला.

"हात काढ!" सुनयना एवढ्याने ओरडली की वाटी खाली पडली. तिने झेप घेऊन भिंतीवरचं बटण बंद केलं. "मरायचंय का? बंद केल्यावरसुद्धा जरा वेळ वीज राहते त्यात, एवढंही माहीत नाही तुला?"

परीक्षितने स्पीकरकडे पाहिलं, मग स्क्रूड्रायव्हरकडे, मग तिच्याकडे.

"वहिनी… या फ्रेम कोणी केल्यात?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. एक संधी. चार माणसांत एकदाच, एक वाक्य.

कौस्तुभ हसला. "अच्छा, म्हणजे हिनेही मदत केली ना. बरीच मदत केली."

मदत.

सुनयनाने पदर खोचला. सांडलेली बासुंदी ओलांडून ती पाटाशी गेली आणि एलन कींचा जुडगा उचलला.

"अगं, तूही?" सरलाताई कळवळल्या. "पूजेतली हत्यारं!"

"ज्याची हत्यारं त्याने पूजायची असतात ना, आई? मग यांची पूजा अजून झालेलीच नाही."

पॅनेलमधली वीज उतरेपर्यंत ती हाताची घडी घालून उभी राहिली. मग तिने एकेक बोल्ट काढायला घेतला.

"सुनयना, तमाशा नको करूस. पाहुणे आहेत," कौस्तुभ दातांतल्या दातांत म्हणाला.

"पाहुणे आहेत म्हणूनच. हा वरून धर. धर म्हणते ना! आणि ओढू नकोस."

त्याने धरलं. तिने दोन्ही पॅनेल सोडवले आणि सोफ्याला टेकवून ठेवले. फ्रेमशिवाय ते जुन्या खिडक्यांच्या जाळ्यांसारखे दिसत होते.

"हे तुझे. विकत आणलेले. फ्रेम माझ्या." एकेक फ्रेम उचलून तिने बाल्कनीत नेली. वाळूने जड झालेली, तरी एकटीने. "परीक्षित, तुमच्या हव्या असतील तर मला विचारा. याला नाही. आणि खाली माझं नाव कोरलेलं असेल, ते चालणार असेल तरच."

"चालेल की, वहिनी," परीक्षित चाचरत म्हणाला.

"सुनयना म्हणा."

कौस्तुभ बेडरूममध्ये गेला. दार आपटलं.

सुनयनाने एलन की पदराने पुसल्या, जागेवर ठेवल्या. स्क्रूड्रायव्हर पुसून शेजारी ठेवला. मग पाटासमोर बसून रंध्यापासून सुरुवात केली. प्रत्येक हत्याराला हळद, कुंकू, अक्षता. सरलाताईंनी खाली वाकून फुलांचं तबक तिच्याकडे सरकवलं.

"हा लॅपटॉप उचलू का गं इथून?"

"असू दे, आई," सुनयना म्हणाली. "त्याचं तेवढंच आहे."